आखाजीची मुराई

भारताकडून खेळून परतले तेव्हा मला घ्यायला विमानतळावर माणसं आली होती, हार घेऊन. जळगाव स्टेशनावर तर एकदा बँडसुद्धा आला होता. बँडवाल्यांना पुढे एका लग्नाची सुपारी होती म्हणून दोन गाणी वाजवून त्यांनी काढता पाय घेतला, पण आला होता. आखाजीला मात्र मला घ्यायला कधी कोणी आलं नाही.

येणार कोण? अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात आणि आखाजी म्हणजे सासरी गेलेल्या लेकींचा सण. भाऊ नाहीतर बाप सासरी जाऊन लेकीला घेऊन येतो. त्याला मूळ लावणं म्हणतात आणि जो घ्यायला जातो तो मुराई. मग लेक माहेरी येते, निंबाला झोका बांधते, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस खाते आणि मैत्रिणींत बसून सासूच्या नकला करते. माझा भाऊ वना दर वर्षी धरणगावाहून निघतो आणि माझ्या दोघी धाकट्या बहिणींना त्यांच्या सासरहून आणतो. मी राहते जळगावात, एसटीने तासाभरावर, आणि बिनलग्नाची. "अक्का, तू ते घरनीच शे. तुले कसाले मूळ?" असं वना म्हणतो, आणि त्याचं काही चुकत नाही. मी लग्न केलं नाही म्हणून मला सासर नाही, आणि सासर नाही म्हणून माहेरही नाही. आपणहून गेलं तर घागर पुजता पुजता वहिनी विचारते, "अक्का, राहणार आहात का?" या प्रश्नाला एकच उत्तर असतं. ते देऊन मी संध्याकाळच्या गाडीने परत येते.

मी वच्छला पाटील, बॅडमिंटन खेळत होते. नाव ऐकलं नसेल तर हरकत नाही. खेळाडूंसाठीच्या जागेवर मी बँकेत लागले, त्या बँकेतल्या साहेबालाही ठाऊक नाही. तो प्रत्येक नव्या माणसाला माझी ओळख करून देतो, "ह्या पाटील मॅडम. टेबल टेनिसच्या मोठ्या प्लेअर होत्या." पहिल्यांदा मी सांगून पाहिलं. आता सांगत नाही, नुसती बघते, आणि तो फाईल शोधायला लागतो.

खरं सांगायचं तर मी एकटी अशी कधी कोणी नव्हतेच. मी जोडीतली होते. वच्छला-प्रमिला असं एका दमात लोक म्हणत, मीठ-मिरची म्हणावं तसं.

धरणगावला कापसाची जिनिंग होती. माझे वडील तिथे कापूस तोलायचे, सुपडू तोलारी म्हणत त्यांना. प्रमिला मॅनेजरसाहेबांची मुलगी. साहेबांना बॅडमिंटनचा भारी नाद. उघड्यावर खेळावं तर वारा फूल उडवून नेतो. शटलला आम्ही फूलच म्हणायचो. म्हणून हंगाम संपून कापसाचं गोडाऊन रिकामं झालं की साहेब तिथे चुन्याने कोर्ट आखून घेत आणि प्रमिलाला खेळायला समोर कोणीतरी हवं म्हणून मला हाक मारत. पुढे समोरची मी तिच्या शेजारी आले आणि शेजारीच राहिले.

वर पत्रा, बाहेर वैशाख, आत भट्टी. तापलेल्या हवेत फूल पिसाटासारखं पळतं. जरा जोर लावला की मागच्या रेषेबाहेर. म्हणून आम्ही दोघी जोर न लावायला शिकलो. जाळ्यापाशी फूल नुसतं सोडून द्यायचं, पलीकडे टपकन पडेल असं. मुंबई-पुण्याच्या मुली जीव खाऊन मारायच्या आणि आम्ही ते मारणं हातात झेलून खाली ठेवल्यासारखं ठेवून द्यायचो. पेपरात छापून आलं, 'मनगटाची जादू'. जादू कसली, धरणगावचा उन्हाळा होता.

त्या उन्हाळ्याने आम्हाला जाकार्तापर्यंत नेलं. तिथली हवा गरम, आम्ही उपांत्य फेरीपर्यंत गेलो. डेन्मार्कात मात्र पहिल्याच दिवशी गारद. थंड हॉलमध्ये फूल जड होऊन जागच्या जागी पडतं. तिथे जोरच लागतो, आणि जोर आम्हाला कोणी शिकवलाच नव्हता. हरून बाहेर आलो तेव्हा प्रमिला नाक पुसत म्हणाली, "ह्यास्ले एक आखाजी धरणगावले काढाले लाव, मंग दखू." बर्फात उभ्या राहून आम्ही दोघी खो खो हसलो. हरल्यावर इतकं हसणं मला नंतर कधी जमलं नाही, कारण नंतर मी एकटीच हरत होते.

दुहेरीत त्या काळी एक सोय होती. आपली सर्व्हिस गेली तरी फूल लगेच पलीकडे जायचं नाही. जोडीदाराची सर्व्हिस बाकी असायची. आम्ही त्याला हात म्हणायचो. माझा हात गेला की प्रमिला फूल उचलायची आणि म्हणायची, "मन्हा हात बाकी शे." ती डावखुरी. माझ्या डावीकडून तिचा आवाज यायचा. पाण्यात गेलेले किती सामने आम्ही त्या दुसऱ्या हातावर ओढून काठाला आणले, मोजदाद नाही.

त्र्याहत्तर साली तिचं लग्न झालं. मी शिबिरात होते, सुट्टी मिळाली नाही. नवरा धुळ्याचा, रुपचंद, देवपुरात मोटारीचे सुटे भाग विकणारा. माझ्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा पराभव या माणसाने केला आणि त्याने आयुष्यात रॅकेट हातात धरलेली नाही. लग्नानंतर प्रमिला खेळली नाही. मी दोन वर्षं एकेरी खेळून पाहिलं. एकेरीत दुसरा हात नसतो. सर्व्हिस गेली की फूल आपणच जाळ्याखालून पलीकडे सारायचं आणि मागे जाऊन उभं राहायचं. दोन वर्षं मी तेवढंच केलं आणि मग रॅकेट पलंगाखाली ठेवून बँकेत जाऊ लागले.

तसा माझा मान राखतात लोक. सव्वीस जानेवारीला बोलावतात, शाल-नारळ देतात. नारळाची चटणी होते. शालींनी ट्रंक भरली आहे. जळगावात शाल! पंचेचाळीस डिग्रीच्या गावात खेळाडूला शाल पांघरणाऱ्यांना काय म्हणावं?

अठ्ठ्याऐंशी साली जळगावात बॅडमिंटनचा नवा हॉल झाला. उद्घाटनाला साडेतीन मुहूर्तांतला एक हवा म्हणून आखाजीचा दिवस धरला. समितीचे मगनशेठ पेढे घेऊन बँकेत आले. "मॅडम, एक प्रदर्शनी सामना ठेवलाय. समोर कॉलेजच्या दोन मुली. तुमच्या जोडीला पण एखादी चांगली मुलगी देतो."

"माझ्या जोडीला प्रमिला येईल," मी म्हणाले. "ती आली तर खेळेन. नाही आली तर ती शाल दुसऱ्या कोणाला घाला."

म्हणून बसले खरी, आणि मग माझं माझ्याच लक्षात आलं की मला तो सामना नकोच होता. मला एकदा, फक्त एकदा, कोर्टवर उभं राहून डावीकडे बघायचं होतं आणि तिथे ती दिसायला हवी होती. एवढं झालं की मग पुढची सगळी वर्षं बँक आणि खोली, खोली आणि बँक, काय वाट्टेल ते चालेल.

धुळ्याला दुकानात फोन केला. रुपचंदने उचलला. "सांगस तिले," म्हणाला. उत्तर नाही. परत केला. "घरमा काम शे. तिले नही जमाव." मग बँकेतल्या एका धुळेकर बाईंबरोबर निरोप दिला. त्या परत येऊन म्हणाल्या, "दिला हो. ऐकून घेतलं. काही बोलल्या नाहीत." म्हणजे रुपचंदचं खोटं नव्हतं, तिलाच यायचं नव्हतं. मला असा राग आला म्हणता! गेली उडत, म्हटलं. जिच्यासाठी एवढी वर्षं डावी बाजू मोकळी ठेवली तिला दोन शब्द बोलता येत नाहीत. तो आठवडा मी बँकेत कोणाशी धड बोलले नाही आणि साहेब माझ्या टेबलाकडे फिरकला नाही.

माझी घरमालकीण धुरपदाबाई. फैजपूरकडच्या केळीवाल्यांच्या घरातली, विधवा, मुलं तिकडे शेतावर. ती खाली राहते, मी वर. गच्चीवर कुरडया वाळत घालताना तिने मला हटकलं, "काय झालं वच्छलाबाई? तोंड काहून असं?"

मी सगळं सांगितलं. तीन निरोप धाडले, एकालाही तिचं स्वतःचं उत्तर नाही, वगैरे. धुरपदाबाईने हातातला सोऱ्या खाली ठेवला.

"आखाजीले बोलावलं का तू तिले?"

"हो. आखाजीलाच कार्यक्रम आहे."

"अन् निरोप धाडला?" ती कपाळावर हात मारून म्हणाली, "निरोपानं लेक येते का कुठं? मूय लावा लागते मूय! इतके देश फिरली, इतकंही ठाऊक नाही तुले?"

"मूळ माहेरची माणसं लावतात. मी काय तिच्या माहेरची आहे?"

"मंग कोन हाये तिच्या माहेरचं?"

मी बोटांवर मोजायला लागले. प्रमिलाचे आईवडील कधीच गेले होते. भाऊ एकच, भटू. त्याने धरणगावचं घर विकून सुरतेला बिऱ्हाड केलं होतं. हे सगळं मला ठाऊक होतं, पण एकाला एक जोडून मी कधी पाहिलंच नव्हतं. आखाजीला तिच्या दारात कोणी जात नसणार. मला मूळ येत नाही म्हणून मी वर्षानुवर्षं स्वतःची कीव करत बसले होते आणि तिकडे धुळ्याला तिचीही तीच गत होती. मला सासर नव्हतं आणि तिला माहेर नव्हतं. सासुरवाशिणीने आखाजीला निरोपावर उठून जायचं म्हणजे, माझं कोणी नाही, असं चारचौघांत सांगायचं. हे धुळ्यातल्या कुठल्याही पोरीला कळलं असतं. मला कळलं नाही, कारण मला कधी कोणी घ्यायला आलंच नव्हतं. मूळ काय असतं ते मला ऐकूनच ठाऊक.

"पण मुराई पुरुषमाणूस लागतो ना?" मी विचारलं.

"लागते. आहे का तुह्या घरात? नाही ना? मंग तू जाय. अन् हात हालवत जाऊ नको. सासूले खण ने, घरात खाऊ ने."

दुसऱ्या दिवशी रजा टाकली; आखाजी एका दिवसावर आली होती. खण, केळाचे वेफर्स आणि गोडीशेवेचा पुडा पिशवीत घालून पहाटेची धुळे एसटी धरली. पारोळ्याला चहा घेतला तो अर्धा टाकून दिला. काय बोलायचं ते मी खिडकीबाहेर बघत घोकत होते.

देवपुरात दुकानाच्या मागेच घर. ओट्यावर प्रमिलाची सासू, भिकुबाई, सुपात हरभऱ्याची डाळ निवडत बसली होती. पुरणाची तयारी.

"कोन शे व माय?"

"मी वच्छला. धरणगावनी. प्रमिलानी मैतरीन."

"ती खेळवाली?"

"हा, खेळवाली."

"मंग? आज कसाले उनी?"

पिशवी दोन्ही हातांत धरून मी एका दमात म्हटलं, "आखाजी शे. प्रमिलाले लेवाले उनू. मी मुराई शे."

डाळीतले हात थांबले. तेवढ्यात दुकानातून रुपचंद बाहेर आला. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. टक्कल पडलेला, हाताला ऑईल लागलेला, चेहऱ्याने गरीब. मला वाटलं होतं तसा दैत्य बिलकूल नव्हता, त्याचाही मला रागच आला. तो ऐकून हसला. "बाईमाणूस मुराई? जळगावमधला बठ्ठा माणसं सरी गयात का?"

आता मी तोंड उघडणार होते, आणि माझं तोंड उघडलं की काय होतं ते आमच्या साहेबाला विचारा. पण माझ्याआधी भिकुबाई बोलली.

"रुपचंद, दात काढू नको. कितला वरीस व्हई गयात, ह्या दारमा वहूनं मूळ उनं नही. तिना भाऊ सुरतमा बठेल शे. गल्लीन्या बठ्ठ्या वहू माहेरले जातस अनि मन्ही एकली चुल्हापुढे. मी सासू शे, तरी आखाजीले माले लाज वाटस." तिने सूप बाजूला सारलं. "मूळ उनं शे. तिले पानी दे."

"पन आई, ती तिले खेळाले लेई जाई ऱ्हायनी. हॉलमा. लोकेस्पुढे."

"माहेर गयेल लेक झोका खेळस. हाई फूल खेळी. तुले काय करनं?"

तो खरंच पाण्याचा तांब्या घेऊन आला. आतून प्रमिला आली. अंगाने भरलेली, चष्मा लागलेली, केसांत पांढरं, दोन्ही हात पिठाचे. मी तिच्याकडे बघत राहिले. ती माझ्याकडे बघेना, माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत होती, खण दिसत होता तिकडे.

"कितला वरीस लायात व तू?" ती म्हणाली.

"मी निरोप धाडले होते. तीन."

"निरोप पाहुनास्ले धाडतस." आणि एवढं बोलून ती पिठाच्या हातांनीच माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. मीही रडले. लपवून काय करायचं? डेन्मार्कात हसलो होतो त्याची फेड धुळ्याच्या ओट्यावर झाली. भिकुबाई खण हातात घेऊन पुन्हा पुन्हा उलगडून पाहत होती.

परतीच्या एसटीत प्रमिला माझ्या डावीकडे बसली. न सांगता. पारोळा जाईपर्यंत आम्ही दोघी काही बोललो नाही आणि पारोळ्यानंतर जळगावपर्यंत गप्प बसलो नाही.

नव्या हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि मी वर पाहिलं. छप्पर पत्र्याचं. देव आहे, म्हटलं. आखाजीची संध्याकाळ, पत्रा दिवसभर तापलेला, पंखे बंद, कारण फूल हलतं. मगनशेठ घाम पुसत भाषण करत होते. समोरच्या कॉलेजच्या मुली चांगल्या दणकट, आणि बिचाऱ्या दणादण मारत होत्या. फूल रेषेबाहेर, फूल भिंतीवर, एकदा तर मगनशेठच्या पेढ्यांत. आम्ही दोघी म्हाताऱ्या (आता चाळिशीला म्हाताऱ्याच म्हणायचं, गुडघ्यांचं तसं मत होतं) जागच्या न हलता जाळ्यापाशी फूल सोडत होतो. लोकांना वाटलं मुली आम्हाला मुद्दाम गुण देताहेत. टाळ्या पडत होत्या.

मग मुलींना हवेचा अंदाज आला. त्यांनी हात आवरला आणि आम्ही मागे पडायला लागलो. प्रमिलाला धाप लागली. माझी सर्व्हिस होती. मी फूल जाळ्यात मारलं, सर्व्हिस गेली. मी वाकून फूल उचललं आणि एकेरीच्या त्या दोन वर्षांच्या सवयीने जाळ्याखालून मुलींकडे सारून मागे जायला वळले.

"कोठे चालनी व?" डावीकडून आवाज आला. "मन्हा हात बाकी शे."

मी डावीकडे पाहिलं. हॉलमध्ये सगळे हसले. पंचाने मुलींकडून फूल परत मागून तिच्या हातात दिलं. ती सर्व्हिस करायला उभी राहिली, कोपर उंच, जीभ दातांत, जशी गोडाऊनमध्ये उभी राहायची तशी. मला पुढचं नीट दिसत नव्हतं. लोकांना वाटलं असेल घाम. आम्ही हरलो, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

आखाजीनंतर चार-सहा दिवस ती राहिली. धुरपदाबाईने आंब्याचा रस करून वर आणला. माझ्या खोलीतल्या कडीला दोर बांधून झोकासुद्धा बांधला आणि आम्हा दोघींच्या वजनाने कडी कुरकुरली तशी शिव्याही दिल्या. मग रीतीप्रमाणे रुपचंद न्यायला आला. माझ्या खोलीतल्या एकुलत्या खुर्चीवर अवघडून बसला, सरबत घेतलं, भिंतीवरचा आमचा जाकार्ताचा फोटो बराच वेळ पाहिला. जाताना प्रमिला जिन्यात थांबून म्हणाली, "पुढला साल मूळ लाव. निरोप धाडू नको."

ती गेली आणि खोली खायला उठली. याआधी मी एकटी होते ते सवयीचं होतं, पायातल्या जुन्या चपलेसारखं. आता तेच नव्याने टोचू लागलं. दोन कप धुऊन एक फळीवर ठेवताना, कुलूप लावताना, बँकेतून येऊन स्वतःशीच "आले गं" म्हणताना. ती आलीच नसती तर बरं झालं असतं, असंही एकदा मनात आलं. मग मी रॅकेट पलंगाखालून काढून खुंटीला लावली आणि पुढच्या आखाजीची वाट बघायला लागले. तेवढं एक वाट बघण्यासारखं होतं.

पुढच्या वर्षी मी आधीच रजा मांडून ठेवली. भिकुबाईसाठी खण आणला, हिरवा. आखाजीला दोन दिवस होते आणि दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला निघणार होते. सकाळी खालून धुरपदाबाईची हाक आली, "वच्छलाबाई, कोनी आलं हाये!"

जिन्यातून पाहिलं तर दारात रुपचंद. नवी टोपी, धुतलेलं धोतर, हातात पिशवी. या माणसाने कधी चांगली बातमी आणली होती का?

"प्रमिला बरी आहे ना?" मी तिथूनच ओरडले.

"बरी शे. बठ्ठा बरा शेत." तो आत आला नाही. ओट्याच्या कडेला बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "अक्का, तुम्हले लेवाले उनू."

"कुठे?"

"घर. आखाजी शे ना." मग पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाला, "आई बोलनी, ती मन्ही वहूनी मुराई व्हयनी, तिले लेवाले कोन जास? मी बोलनू, मी जास." आणि पिशवीतून खण काढून त्याने धुरपदाबाईच्या हातात ठेवला. घरची मोठी बाई म्हणून.

मी जिन्यात उभी. धुरपदाबाईने खण कपाळाला लावला आणि माझ्यावर खेकसली, "उभी काय राहिली? मुराईले ताटकयत ठेवू नये. जाय, बोचकं बांध."

मी वर आले. कपाट उघडलं, बॅग काढली. ही बॅग जाकार्ताला गेली, डेन्मार्कला गेली, पतियाळाच्या शिबिराला तर कितीदा. डोळे मिटून भरायचे मी ती. रॅकेट, पट्टे, मोजे, सगळं हाताला पाठ होतं. त्या दिवशी मी उघड्या बॅगेसमोर पलंगावर बसले आणि बसूनच राहिले. बेचाळीस वर्षांची बाई, आणि माहेरी जाताना काय न्यायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं.

शेवटी जिन्यातून खाली वाकून धुरपदाबाईला विचारलं.

"काही नाही नेत माहेरी," ती खालून ओरडली. "रिकामी जाय."

ओट्यावर रुपचंद टोपी डोक्यावर घालून उठून उभा राहिला होता.